पाच दिवस, दोन पक्षी

बुधवार

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनीॲपोलिसहून १६९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की दोनेक तासांत उजव्या हाताला मील लॅक्स तलाव लागतो आणि बराच वेळ पाठ सोडत नाही. पलीकडचा काठ दिसतच नाही, त्यामुळे नवखा माणूस त्याला समुद्र समजतो. तो तलाव संपेपर्यंत पेनी मागच्या सीटवर उभी राहून माझ्या मानेवर गरम श्वास सोडत होती. पेनी म्हणजे मास्तरांची सेटर जातीची कुत्री. पांढऱ्या अंगावर तपकिरी शिंतोडे, वय वर्षं सहा आणि आमच्या तिघांत सगळ्यांत जास्त अक्कल.

मास्तर आमचे शेजारी. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, सत्तरी ओलांडलीय. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची इथली रीत मला पंधरा वर्षांत जमलेली नाही. तोंडाने मी कसंबसं नाव घेतो, मनात मात्र मास्तरच म्हणतो. दर ऑक्टोबरात ते पाच दिवस शिकारीला जातात. पहिले दोन-अडीच दिवस उत्तरेच्या जंगलात ग्राउज या रानकोंबडीसारख्या पक्ष्यामागे, मग पश्चिमेच्या गवताळ पट्ट्यात फेझंट या लांब शेपटीच्या पक्ष्यामागे. त्यांचा जुना जोडीदार ॲरिझोनाला राहायला गेला आणि ती जागा माझ्याकडे आली.

मला बंदुकीचा वारसा वगैरे काही नाही. आजोळी कोंबडी कापायची वेळ आली की मी माडीवर जाऊन बसायचो. पण तीन वर्षांपूर्वी मास्तरांनी घरी आणून दिलेला ग्राउज आम्ही खाल्ला आणि हा पक्षी राहतो तरी कुठे, ते बघायची इच्छा झाली. बघायचं तर नीट बघावं म्हणून परवाना काढायचं ठरवलं. १९७९ नंतर जन्मलेल्याला मिनेसोटात बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. माझा जन्म १९८१चा. दोन वर्षांनी हुकलो आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरापोरींच्या शेजारी बाकावर बसून परीक्षा दिली. कुंपण ओलांडताना काय करायचं, तर आधी बंदूक रिकामी करायची, हे मला आलं. शेजारच्या मुलीला सगळंच आलं.

दुपारी एकच्या सुमाराला ग्रँड रॅपिड्सला पोचलो. ज्युडी गारलंडचं जन्मगाव म्हणून आणि कागदाच्या कारखान्यासाठी या गावाचं नाव. तळ्याकाठच्या लाकडी खोपटात सामान टाकलं, कॉफी ढोसली आणि लगेच रानात.

इथली सार्वजनिक जमीन म्हणजे गोधडी आहे. एक ठिगळ संघराज्याच्या चिपेवा राष्ट्रीय वनाचं, शेजारचं राज्याचं, त्याला लागून काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं. काउंटीच्या जमिनीची गोष्ट मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला लाकूड कंपन्यांनी इथले पांढरे पाइन साफ केले. मागे उरलेल्या खुंटांच्या रानात लोकांनी शेती करून पाहिली. माती रेताड, उन्हाळा एवढासा. शेती बसली, कर थकले आणि जमिनी जप्त झाल्या. त्या आजही काउंटीच सांभाळते. म्हणजे बुडालेल्या शेतकऱ्यांची जमीन आज आमच्यासारख्यांना फिरायला मोकळी आहे.

मास्तरांनी गाडी एका अडसरापाशी लावली. पुढे फक्त पायी जायचं. शिकाऱ्यांसाठी राखलेल्या अशा पायवाटा इथे पुष्कळ आहेत. वाटेवरचं गवत कापलेलं, कुठे कुठे क्लोव्हर पेरलेला, कारण ग्राउजला त्याची पानं आवडतात. शंभर पावलांवर डावीकडचं जंगल एकदम संपलं आणि मनगटाएवढ्या खोडांची दाट गर्दी सुरू झाली. आत हात घालायला जागा नाही.

"हे आठ वर्षांपूर्वी साफ कापलेलं," मास्तर म्हणाले, "एक झाड ठेवलं नव्हतं."

मी हळहळलो असणार, कारण ते हसले. मग वर्ग सुरू झाला. ॲस्पेनचं झाड कापलं तरी मुळं जिवंत राहतात. हिवाळ्यात जमीन गोठलेली असताना कापणी केली की पुढच्या उन्हाळ्यात त्याच मुळांतून एकरी हजारोंनी फुटवे येतात. मला लगेच उसाचा खोडवा आठवला. फरक एवढाच, की हा खोडवा चाळीस-पन्नास वर्षांनी तोडायचा. कोवळ्या फुटव्यांच्या त्या गचपणात ग्राउजची पिल्लं किडे टिपत मोठी होतात. वर छत इतकं दाट, की गॉसहॉक ससाण्याला झडप घालता येत नाही. फुटवे जरा वाढून विरळ झाले की नराला पंख फडफडवून मादीला बोलवायला जागा होते. आणि हिवाळ्यात सगळं बर्फाखाली गेलं, की हाच पक्षी जुन्या, उंच ॲस्पेनच्या नरकळ्या खाऊन जगतो.

"म्हणजे त्याला कोवळं रानही हवं आणि जुनंही?"

"आणि तेही जवळजवळ. हा पक्षी लांब जात नाही."

क्लोके गावच्या वनकेंद्रात गॉर्डन गलियन या संशोधकाने अनेक वर्षं ग्राउजमागे घालवून हेच मांडलं होतं: एकदम हजार एकर न कापता दहा-दहा एकरांचे तुकडे वेगवेगळ्या वर्षी कापा, म्हणजे एका पक्ष्याच्या फिरण्याच्या टापूत सगळ्या वयाचं जंगल राहील. कापायला अर्थात गिऱ्हाईक लागतं. ते कागदाच्या आणि लाकडी फळ्यांच्या कारखान्यांच्या रूपाने मिळतं. कारखान्याचं धुराडं ज्या पक्ष्याच्या पथ्यावर पडतं, असा दुसरा पक्षी मला माहीत नाही.

पेनीच्या गळ्यातली घंटा वाजत होती तोवर आम्ही बोलत होतो. घंटा थांबली, आम्हीही थांबलो. कुत्री कुठेतरी आत दगडासारखी उभी होती. मी बंदूक आडवी धरून फांद्या बाजूला सारत दोन पावलं टाकली आणि पायाजवळून कोणी फटफटीला किक मारावी तसा आवाज झाला. एक तपकिरी गोळा खोडांतून वाकडातिकडा निघून गेला. मी बंदूक खांद्याला लावली, तेव्हा तिथे नुसत्या फांद्या हलत होत्या.

संध्याकाळपर्यंत असं चारदा झालं. एकदा मी बार काढला. छर्रे एका ॲस्पेनला लागले. रोजची मर्यादा पाच ग्राउजची आहे. ती पाळायला मला अजिबात कष्ट पडले नाहीत.

गुरुवार

रात्री पाणी गोठलं होतं. सकाळी मास्तर जंगलात न जाता ओढ्याकाठच्या आल्डरच्या झुडपांत घेऊन गेले. तिथे चिखलात पेन्सिल खुपसल्यासारखी भोकं आणि चुन्यासारखे विष्ठेचे पांढरे शिंतोडे. वुडकॉकच्या खुणा.

वुडकॉक म्हणजे विनोद करता करता घडवलेला पक्षी वाटतो. मान नाहीच, चोच मात्र बोटाएवढी लांब. डोळे इतके मागे सरकलेले, की चोच चिखलात रुतलेली असताना त्याला मागचंही दिसतं. चोचीचं टोक जमिनीच्या आत उघडता येतं, त्याने तो गांडूळ पकडतो. जमीन गोठली की गांडूळ खाली जातात आणि वुडकॉक रातोरात दक्षिणेला निघून जातो. त्यामुळे ऑक्टोबरात काल भरलेलं रान आज रिकामं, असं होतं. आज भरलेलं होतं.

पेनी उभी राहिली. शेपूट ताठ, एक पाय उचललेला, नाक माझ्या बुटापासून हातभरावर. मला पाचोळ्याखेरीज काही दिसेना. मग पाचोळ्यातला एक डोळा दिसला. पक्षी शिट्टीसारखा आवाज करत सरळ वर उठला, झुडपांच्या शेंड्याशी क्षणभर थबकला, आणि मी बार काढला.

पेनीने तो आणून मास्तरांच्या हातात दिला, मास्तरांनी माझ्या. पावशेरही भरणार नाही एवढा जीव, अजून ऊबदार. अंगावरची नक्षी अशी, की पाचोळा उचलून शिवावा. मला आनंद झाला होता आणि त्याच वेळी पोटात काहीतरी खाली बसलं होतं. मास्तरांनी काही उपदेश केला नाही. टोपी काढली, पुन्हा घातली, म्हणाले, "चल, पाय ओले झाले असतील."

वुडकॉकची संख्या गेली कित्येक दशकं घसरते आहे. १९६८पासून दर वसंतात ठरलेल्या रस्त्यांवर संध्याकाळी गाडी थांबवून गाणाऱ्या नरांची मोजणी होते, त्यातून हे कळतं. शिकारीपेक्षा मोठं कारण म्हणजे कोवळं जंगल कमी होत गेलं. जुनी शेतं बुजली, रानं म्हातारी झाली. रोज तीनच, असं मारण्याचं गणित त्या मोजणीकडे बघून बसवलेलं असतं.

मला सारखे आजोळचे पारधी आठवत होते. आमच्या गावाबाहेर त्यांची चार पालं असायची. तितराचे आणि लाव्याचे फासे लावायला जाताना ते गाय बरोबर न्यायचे आणि तिच्या आडोशाने सरकायचे. कुठल्या बांधाला कुठल्या महिन्यात तितर उतरतो, हे त्यांना तोंडपाठ. १९७२चा वन्यजीव कायदा आला तो योग्यच होता. पण या माणसांना जे माहीत होतं ते कोणी वहीत उतरवून घेतलं नाही. नुसता गुन्हा नोंदवला. इथे मास्तर आपल्या वहीत रोज लिहितात: किती पक्षी उठले, कुठून, हवा कशी होती. ती वही ४१ वर्षांची आहे.

दुपारी भानगड झाली. घंटा वाजता वाजता पेनी एकदम केकाटली. धावत गेलो तर तिच्या नाकातोंडात पांढरे काटे. सायाळ! ती स्वतः सावकाश, आपला काही संबंध नसल्यासारखी झाडावर चढत होती. इथल्या सायाळीच्या काट्यांना टोकाशी उलट खवले असतात, त्यामुळे ते आपोआप आत सरकत जातात. मास्तरांनी खिशातून पक्कड काढली. म्हणजे हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मी कुत्रीला मांडीत दाबून धरलं आणि त्यांनी एकेक करून ३४ काटे उपसले. त्या वेळी बंदुका कुठे ठेवल्या होत्या, ते नंतर दोघांनाही आठवेना. दहा मिनिटं शोधल्या.

मास्तरांनी सकाळीच एक ग्राउज मारला होता. रात्री तो साफ करताना त्यांनी गळ्यातली थैली कापून ताटलीत रिकामी केली. क्लोव्हरची पानं, ॲस्पेनची थोडी हिरवी पानं, हेझलचे लांबट तुरे, चार लाल बिया. "हा आजचा धडा," म्हणाले. मग स्वयंपाक माझ्याकडे आला. मी सोलापूरहून आलेलं काळं तिखट बरोबर ठेवलं होतं. कांदा-खोबरं भाजून, दोन्ही पक्षी टाकून रस्सा केला. वुडकॉकचं मांस काळसर आणि उग्र, काळ्या तिखटाशी त्याचं चांगलं जमलं. ग्राउज मात्र इतका नाजूक, की मसाल्यात बिचारा हरवला. मास्तर घाम पुसत जेवले आणि दोन ग्लास दूध प्यायले.

शुक्रवार

आजचा दिवस गाडीतला. वॉकर, पार्क रॅपिड्स, वडीना करत नैर्ऋत्येला, मॅडिसनपर्यंत.

पहिला तासभर आम्ही लीच लेक ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशातून जात होतो. चिपेवा राष्ट्रीय वनाचा मोठा भाग या राखीव प्रदेशाच्या हद्दीतच पडतो. १९०८ साली वन जाहीर झालं, तेव्हा "सार्वजनिक" म्हणजे कोणाचं, हे त्यांना कोण विचारणार? आणखी जमीन पुढे सरकारने त्यांच्या नावावरून परस्पर विकली. त्यातली सुमारे पावणेबारा हजार एकर जमीन त्यांना परत देण्याचा कायदा २०२० साली झाला. बुधवारी ज्या शब्दावर मी मनात खूश होतो, तो शब्द शुक्रवारी जरा टोचला.

वडीनानंतर जंगल विरत गेलं आणि मका-सोयाबीन सुरू झालं. कापणी यंत्रं धूळ उडवत होती. इथे एकेकाळी उंच गवताचं माळरान होतं, मिनेसोटात सगळं मिळून सुमारे १ कोटी ८० लाख एकर. त्यातलं नांगराखाली न गेलेलं आज शंभर एकरांमागे जेमतेम एक-दोन एकर उरलंय. जमीन इतकी काळी आणि सकस, की गवताला कोण ठेवतो!

मॅडिसन गावाच्या प्रवेशाशी कॉड माशाचा मोठा पुतळा आहे. हे गाव स्वतःला लुटफिस्कची राजधानी म्हणवतं. लुटफिस्क म्हणजे सुकवलेला कॉड तीव्र क्षाराच्या पाण्यात भिजवून करतात तो थुलथुलीत नॉर्वेजियन पदार्थ. मास्तर नॉर्वेजियन वंशाचे, त्यामुळे मी मत दिलं नाही. सुक्या बोंबलाचं कालवण आठवत मोटेलची किल्ली घेतली.

शनिवार

फेझंटचा हंगाम आज उघडणार. ग्राउजची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून करता येते, फेझंटची मात्र सकाळी नऊनंतर. त्यामुळे आठ वाजल्यापासून रस्त्यारस्त्यावर नारिंगी टोप्यांची माणसं गाड्यांत बसून घड्याळ बघत होती. आम्ही ठरवलेल्या जागी तीन गाड्या आधीच लागलेल्या. मास्तरांनी न थांबता गाडी पुढे काढली. "जो आधी आला, रान त्याचं." चौथ्या ठिकाणी जागा मिळाली. राज्याचं वन्यजीव क्षेत्र. एका अंगाला मक्याचं शेत, एका अंगाला दलदल, मध्ये अडीचशे एकर गवत.

अजून पस्तीस मिनिटं होती. मास्तरांनी थर्मास उघडला आणि समोरच्या गवताकडे बोट दाखवून विचारलं, "याचे पैसे कोणी दिले, सांग."

मी म्हटलं, सरकारने.

"सरकारकडे कुठून आले?"

मग त्यांनी बोटं मोजली. माझा छोट्या प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना, २२ डॉलर. त्यावर फेझंटचा शिक्का, साडेसात डॉलर. ते पैसे फेझंटच्या अधिवासावरच खर्चावे लागतात. बंदूक आणि काडतूस घेताना किमतीत ११ टक्के संघराज्याचा कर असतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. आणि २००८ साली मिनेसोटाच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून विक्रीकर एक टक्क्याच्या तीन अष्टमांशाने वाढवून घेतला. त्यातला एक तृतीयांश पैसा जंगल, दलदल आणि माळरान विकत घ्यायला आणि राखायला. कर मागून घेणारे मतदार मी पहिल्यांदाच ऐकले.

"म्हणजे माझ्या बायकोने मागच्या आठवड्यात सोफा घेतला..."

"तिने गवत घेतलं," मास्तर म्हणाले. "थोडंसं."

तेवढ्यात वन्यजीव खात्याची गाडी आली. तिशीची एक बाई उतरली, परवाने बघितले, पेनीचं सुजलेलं नाक बघून हळहळली. मी सहज विचारलं, की गवताच्या कडेला एवढी मोठी कॉटनवुडची झाडं कापून का टाकलीत? ओंडके अजून पडलेले होते.

तिला हा प्रश्न नवा नसणार. म्हणाली, दर हंगामाला कोणीतरी रागावून फोन करतं, की झाडं का कापता. पण माळावर एक उंच झाड म्हणजे ससाण्याला, घुबडाला, कावळ्याला मचाण. रॅकून झाडाच्या ढोलीत राहतो आणि रात्री अंडी खातो. गवतात घरटं करणारी पाखरं झाडाजवळ घरटंच करत नाहीत. त्यामुळे एक झाड नुसत्या आपल्या सावलीपुरतं नसतं, ते आजूबाजूचे कित्येक एकर गवत निकामी करतं. झाडं कापतो, चार-पाच वर्षांनी वसंतात गवत जाळतो, आणि एका तुकड्यात उन्हाळ्यात काही आठवडे शेजारच्या शेतकऱ्याच्या गाई सोडतो. "तीनही गोष्टींबद्दल शिव्या खाते," ती हसून म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

मला हसू आलं नाही. नान्नजजवळचं आमचं आजोळ डोळ्यांपुढे आलं. सोलापूर-बार्शी रस्त्यालगतचा तो माळ. कुसळी, पवन्या, मारवेल. पावसाळ्यानंतर गुडघ्याएवढं सोनेरी गवत. आजोबा सांगायचे, ज्वारीत माळढोक यायचा, माणसाच्या कमरेएवढा, चालायचा सावकारासारखा. १९७९मध्ये तिथे माळढोक अभयारण्य झालं. मी पाचवी-सहावीत असताना शाळेने आम्हाला ट्रॅक्टरमधून त्या माळावर नेलं, वृक्षारोपणाला. रांगेत खड्डे खणलेले होते. प्रत्येकाला ग्लिरिसिडियाचं एक रोप. मी माझ्या रोपाला पाणी घातलं, बाईंनी पाठ थोपटली, खाऊला चिवडा मिळाला. "उजाड माळ हिरवा करूया" असं फलकावर लिहिलेलं होतं. तो उजाड नव्हता. पण गवताला आपल्याकडे सातबाऱ्यावरही नीट नाव नाही, पोटखराब म्हणतात. आता त्या भागात एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. त्याला विजेच्या तारा, शेती, रस्ते अशी बरीच कारणं आहेत. पण त्यात माझंही एक झाड आहे, याचा विचार मी शनिवारी सकाळी पहिल्यांदा केला.

नऊ वाजले. दूरवर बारांचे आवाज सुरू झाले, दिवाळीच्या पहाटेसारखे.

बिग ब्लूस्टेम माझ्या डोक्याच्या वर. लिटल ब्लूस्टेम गुडघ्याशी, ऑक्टोबरात तांब्याच्या रंगाचं. चालायला महाकठीण, दर पावलाला गवत नडगीला विळखा घालतं. वारा तोंडावर घेऊन आम्ही मक्याच्या कडेने दलदलीकडे निघालो. पहिल्या तासात तीन माद्या उठल्या. प्रत्येक वेळी मास्तर ओरडले, "मादी!" आणि बंदुका खाली. मादी मारायला कायद्याने बंदी आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही नर गेले तरी पुढच्या वर्षीच्या पिल्लांत फरक पडत नाही. दिवसाला दोन नर, एवढीच मुभा.

फेझंट मुळात इथला नाही. शांघायमधल्या अमेरिकन वाणिज्यदूताने, ओवेन डेनीने, १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून ओरेगनला पाठवलेले पक्षी इथे रुजले आणि मग राज्याराज्यांत पसरले. तो आणि मी, दोघे आशियातले. त्याला व्हिसाची लॉटरी खेळावी लागली नाही, एवढाच फरक. इथला खरा रहिवासी म्हणजे प्रेअरी चिकन. तो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात थोडासा उरलाय आणि त्याच्या शिकारीला खरंच लॉटरी काढावी लागते. मास्तरांना फेझंटबद्दल हे बोललेलं आवडत नाही. पण पाहुण्या पक्ष्याच्या निमित्ताने राखलेल्या गवतात मेडोलार्क आणि बोबोलिंकही घरटी करतात, हे त्यांनीच मला दाखवलं होतं.

दलदलीच्या काठाला पाणकणसाचं बेट होतं. हिवाळ्यात वादळ आलं की फेझंट यात शिरून जीव वाचवतात. पेनी काठावर अडली, दोन पावलं सरकली, पुन्हा अडली. पक्षी पायी पळत होता. फेझंट उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो, इतका की कुत्र्याला वेड लागावं. बेटाच्या टोकाला पाणी आलं आणि त्याची जागा संपली. कॅक-कॅक करत नर उठला. लांब शेपूट, गळ्यात पांढरं कडं, उन्हात सगळं अंग तांब्यासारखं पेटलेलं. मी पहिला बार घाईत घालवला. दुसऱ्याला तो पडला.

पडला, पण मेला नव्हता. पंख मोडला होता आणि तो गवतात पळाला. पेनीला तो सापडायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "सापडेपर्यंत दुसरा पक्षी बघायचा नाही." सापडल्यावर पुढचं काम त्यांनी एका झटक्यात केलं. त्यानंतर दिवसभर मी बंदूक उघडी, रिकामी धरून चाललो. मास्तरांनी कारण विचारलं नाही.

रविवार

लाक की पार्ल तळ्याजवळच्या संघराज्याच्या पाणपक्षी-प्रजनन क्षेत्रात शेवटची फेरी. लाक की पार्ल म्हणजे फ्रेंचमध्ये "बोलणारं तळं". हे इथल्या मूळनिवासी डकोटा लोकांनी दिलेल्या नावाचं भाषांतर. १८५१च्या तहात डकोटांकडून हा सगळा मुलूख गेला आणि १८६२च्या युद्धानंतर त्यांना राज्यातूनच हाकललं. तळं आज तरी बोलत होतं. हजारो कॅनडा गीज, म्हणजे रानहंस, एकाच वेळी.

संघराज्याच्या या जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादाचे लागतात. पाण्यात पडलेलं शिसं बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि मरतात. या जमिनी बऱ्याचशा बदकांच्या शिकारीच्या २५ डॉलरच्या तिकिटातून विकत घेतल्या गेल्यात. मास्तरांनी बदकं मारणं सोडून दहा वर्षं झाली, तिकीट मात्र दरवर्षी घेतात आणि सही करून पाकिटात ठेवतात.

दोन तासांत एकच पक्षी उठला, तीही मादी. साडेअकराला आम्ही गाडीपाशी आलो. निघण्याआधी मास्तरांनी ब्रश काढून बूट, मोजे आणि कुत्रीचे पाय झाडायला लावले. इथलं नको ते बी दुसऱ्याच्या गवतात जायला नको. माझ्या मोज्यांत अडकलेली कुसळं थेट आमच्या माळासारखी होती. ती झाडून कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

विलमारच्या आसपास आईचा फोन आला. सोलापुरात रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण तिला झोप लागत नव्हती म्हणे.

"काय रे, किती मारलेस?"

"दोन."

"पाच दिवसांत दोन? एवढं पेट्रोल जाळून?"

मी तिला माद्या कशा सोडल्या ते सांगितलं. गवत राखायला पगारी माणसं आहेत, ते सांगितलं. झाडं कापतात हेही सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही.

"आपल्या माळावर तुम्ही झाडं लावली होती बघ," ती म्हणाली. "पुढच्याच वर्षी अप्पांच्या शेळ्यांनी निम्मी खाल्ली. बाई किती चिडल्या होत्या."

"बरं केलं शेळ्यांनी."

"काय?"

"काही नाही गं."

"काळं तिखट संपलं असेल ना? मंगळवारी तुझी मावसबहीण निघतेय, तिच्याकडे देते. आणि त्या कोंबड्याचं पीस ठेव एक, पोरांना दाखवायला."

शेपटीची दोन लांब पिसं मी आधीच मास्तरांच्या वहीत ठेवली होती. मागच्या सीटवर पेनी माझ्या जाकिटावर डोकं टेकून घोरत होती.